गुरुजींच्या सोबतीने पाहिलेले गाव

नागपूरहून वर्धा रोडने निघायचे. बुटीबोरी, जाम, हिंगणघाट, वडकी, पांढरकवडा करत पाटणबोरी मागे टाकले की पैनगंगेचा पूल लागतो आणि महाराष्ट्र संपतो. पलीकडे आदिलाबाद. तिथून गुडीहतनूर, इंद्रवेल्ली, उटनूर अशी वाट धरून पठारावर चढत गेले की मारलवाई येते. गोंडांचे गाव, आज ते तेलंगणातल्या कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडते. सकाळी लवकर निघालेला नागपूरकर दुपारी तिथे पोचतो. एवढे जवळ असूनही आपल्याकडे या गावाचे नाव फार थोड्यांच्या कानावर आले आहे, आणि 1943 साली तिथे सुरू झालेल्या कामाची मराठीत व्हायला हवी तेवढी दखल घेतली गेलेली नाही.

त्या साली मारलवाईत गोंड तरुणांना शिक्षक म्हणून तयार करणारे केंद्र निघाले. त्यामागचा माणूस ना गोंड होता, ना हैदराबादी, ना इंग्रज. क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ हे व्हिएन्नात 1909 साली जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ. पत्नी बेटी यांच्यासह ते या गावात येऊन राहिले, गोंडी शिकले, शिक्षकांच्या तयारीत गुंतले आणि त्या सगळ्या काळात आजूबाजूचे जगणे कॅमेऱ्यात उतरवत राहिले. परक्या देशातल्या खेड्यात शिक्षकांबरोबर काम करता करता रोजचे आयुष्य टिपणारा माणूस म्हटले की माझ्यासमोर पहिल्यांदा तेच येतात. हे पुस्तक आजच्या शिक्षकांनी काढलेल्या छायाचित्रांचे आहे. तरी त्याची सुरुवात मारलवाईपासून करावीशी वाटली ती यामुळे.

हायमेनडॉर्फ आधी, 1936-37 साली, नागा टेकड्यांत कोन्याक नागांमध्ये राहिले होते. त्यावरच्या त्यांच्या पुस्तकाचे नाव 'द नेकेड नागाज'. त्या नावातच पाहणाऱ्याची त्या वेळची नजर कळते : दूरच्या, वेगळ्या माणसांविषयीचे नवल. 1938 साली ऑस्ट्रिया जर्मनीने गिळली आणि ते कागदोपत्री जर्मन ठरले. 1939 साली महायुद्ध पेटले तेव्हा ते भारतात होते. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून हिंडण्याफिरण्यावर बंधने आली. निजामाच्या हैदराबाद संस्थानात राहून काम करण्याची मुभा तेवढी मिळाली. मग आधी चेंचू, नंतर गोदावरीच्या खोऱ्यातले कोंडा रेड्डी, आणि पुढे आदिलाबादचे राजगोंड अशा आदिवासींमध्ये ते राहिले. युद्धाने त्यांना एका मुलखात अडकवून ठेवले. या सक्तीच्या मुक्कामाचे मोल मला फार वाटते, कारण नवलाची नजर मुक्कामात टिकत नाही. शेजारी राहणाऱ्या माणसाकडे कोणी रोज नवलाने पाहू शकत नाही.

ते आदिलाबादेत आले तेव्हा तिथली जखम ओली होती. 1940 साली जोडेघाटच्या डोंगरात गोंडांच्या उठावाचे नेते कुमुरम भीम निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले होते. जंगल राखीव झाले, पिढ्यानपिढ्यांची वहिवाट गुन्हा ठरली, वाडवडिलांनी कसलेली जमीन कागदावर भलत्याच्याच नावे निघाली, यातून तो उठाव झाला. उठाव दडपल्यावर सरकारला त्याची कारणे जाणून घेण्याची निकड वाटली आणि ते काम हायमेनडॉर्फ यांच्याकडे आले. त्यांच्या अहवालांचा जो संग्रह 1945 साली 'ट्रायबल हैदराबाद' या नावाने निघाला, तो आजही वाचताना अस्वस्थ करतो. गोंडांची जमीन बंदुकीने गेली नव्हती. ती गेली पावतीने, अंगठ्याने, पट्ट्यावरच्या नावाने. पटवारी काय लिहितो ते ज्याला वाचता येत नाही, त्याने कसलेले शेत त्याचे राहत नाही.

मारलवाईची शाळा या हिशेबातून निघाली आहे. तिच्याकडे कोणाच्या उपकाराची गोष्ट म्हणून पाहिले की तिचा सगळा अर्थच हातचा जातो. तिथे शिक्षक तयार होत होते, तसेच पटवारी आणि वनरक्षकही गोंडांमधूनच व्हावेत असा प्रयत्न होता. अक्षर म्हणजे सरकारी कागदाशी बरोबरीने बोलण्याची सोय, हे गावातल्या वडीलधाऱ्यांनाही उमगले होते. मारलवाईचे लच्छू पटेल हे हायमेनडॉर्फ यांच्या लेखनात वारंवार भेटतात. जमिनीचा तंटा असो की नवे शिवार वसवण्याची गोष्ट असो, अशा जाणत्या पटलांच्या शब्दाशिवाय शाळेचे पानही हलले नसते.

पण शिकवणार कोण? आणि कोणत्या भाषेत? निजामाचा दरबारी व्यवहार उर्दूत चाले. पूर्वेकडून तेलुगू येत होती. गोंडी बोलली सगळीकडे जाई, छापलेली तिथे दिसत नसे. त्या मुलखात थोडेबहुत लिहिता-वाचता येणारे जे मोजके गोंड तरुण सापडले, त्यांना येत होती ती मराठी. म्हणून शाळेची गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत तयार झाली. आदिलाबादचे परधान, म्हणजे किंगरी वाजवत गोंडांच्या कुळकथा सांगणारे लोक, घरी मराठी बोलत आणि कथा गोंडीत गात. मराठी आणि गोंडीची अशी विणलेली सोबत त्या पठारावर आधीपासून होती, आणि तिच्याच आधाराने शाळा उभी राहिली.

मराठी वाचकाला इथे अभिमान वाटेल. वाटू द्यावा, पण दुसरी बाजूही डोळ्यांआड करू नये. ज्या पटवाऱ्याच्या दप्तरात गोंडाचे शेत हरवले, ज्या सावकाराच्या वहीत त्याचे बैल अडकले, त्यांतल्या अनेकांची भाषाही मराठीच होती. वऱ्हाड-मराठवाड्यातून सरकत आलेल्या शेतकऱ्यांनी काळी जमीन धरली आणि गोंड डोंगराकडे ढकलला गेला. तीच लिपी एका हाताने जमीन घेत होती आणि दुसऱ्या हाताने ती राखायला शिकवत होती. मारलवाईच्या शिक्षकांनी ही लिपी आपलीशी केली, यातला धीटपणा मला फार मोठा वाटतो.

या कामात एक मराठी माणूस होता, त्यांचे नाव इथे घेतलेच पाहिजे : सेतुमाधवराव पगडी. आपण त्यांना शिवकालाचे आणि मोगल-मराठा संबंधांचे अभ्यासक म्हणून ओळखतो. ते निजामाच्या मुलकी सेवेत अधिकारी होते, आदिलाबादेत गोंडांमध्ये राहिले, गोंडी आणि कोलामी शिकले, कोलामीचे व्याकरण लिहिले, आणि 1949 साली गोंडांवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले. साहेबाने आपल्या हाताखालच्या लोकांची भाषा त्यांच्या अंगणात बसून शिकावी, हे त्या काळी सोपे नव्हते आणि आजही फारसे घडत नाही. शिवाय हा मुलूख काही परका नव्हता. राजुरा आणि किनवट हे तालुके तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातच होते. राज्यांच्या पुनर्रचनेत ते तेव्हाच्या मुंबई राज्यात आले. राजुरा 1959 साली चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्याला, जोडला गेला. जिवतीच्या डोंगरावरचा गोंड आणि उटनूरच्या पठारावरचा गोंड यांच्यामधली रेघ नकाशावर नंतर आली. त्यांची सोयरीक त्या रेघेला विचारत नाही.

आता छायाचित्रांकडे येतो. हायमेनडॉर्फ यांची हजारो छायाचित्रे, चित्रफिती आणि टिपणवह्या आज लंडन विद्यापीठाच्या प्राच्यविद्या आणि आफ्रिकाविद्या संस्थेच्या संग्रहात आहेत. 1948च्या 'द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद' या ग्रंथातही काही छापली आहेत. शेती, घर, बाजार, लग्न, दिवाळीच्या आधीचा दंडारी नाच, कुळदेवतेची पूजा असे सगळे काही त्यांनी टिपले. मानववंशशास्त्रज्ञ हे टिपणारच. मात्र शिक्षकांबरोबर काम करणाऱ्या माणसाच्या कॅमेऱ्याला एक गोष्ट जास्तीची मिळते, आणि या पुस्तकाचा सगळा आधार तीच आहे. ती म्हणजे हजेरीपट.

पाहुणा गावात जत्रेला येतो. त्याला निरोपही जत्रेचाच जातो. केसलापूरला पौषात नागोबाची जत्रा भरते तेव्हा कॅमेरे हजारोंनी येतात. मोरपिसांचा टोप घातलेला गुसाडी नाचायला उभा राहिला की त्याचा फोटो कोणालाही काढता येतो आणि तो चांगलाच येतो. शिक्षकाचा दिवस मात्र जत्रेने ठरत नाही. त्याच्यासमोर रोज सकाळी एकच प्रश्न असतो : आज कोण आले नाही, आणि का? हा प्रश्न घेऊन जो गावात शिरतो त्याला गावाचे खरे वेळापत्रक कळते. कापूस फुटला की दिवाळीनंतर वरच्या वर्गातल्या मुली गळतात. ज्वारी दाण्यावर आली की मुलगे माळ्यावर गोफण घेऊन बसलेले असतात. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले गळू लागली की अख्खे घर पहाटे झाडाखाली असते. वैशाखात तेंदूपत्ता. हजेरीपटावरचा प्रत्येक फुलीचा चौकोन म्हणजे गावात त्या घटकेला कुठेतरी चाललेले एक काम. शिक्षकाबरोबर हिंडणारा छायाचित्रकार त्या चौकोनाचा माग काढत शेतात पोचतो, आणि जे कोणी मुद्दाम दाखवणार नाही ते त्याला दिसते.

या संग्रहातल्या एका छायाचित्राविषयी थोडे सविस्तर सांगतो. जिवतीच्या डोंगरातल्या एका वस्तीत, तेंदूच्या हंगामात, एका शिक्षिकेने ते काढले आहे. ओसरीवर पानांचा ढीग आहे. चार हात दिसतात : दोन म्हातारीचे, दोन दहाएक वर्षांच्या मुलाचे. चेहरे चौकटीबाहेर. म्हातारीने पाने देठाकडून जुळवून धरली आहेत आणि मुलगा सालीच्या दोरीने पुडा बांधतो आहे. पुड्यात सत्तर पाने असतात. शंभर पुडे झाले की शेकडा, आणि दिवस मावळता फडीवर, म्हणजे पाने जमा करण्याच्या जागी, मुनीमासमोर पुडे मांडून गणती होते. छायाचित्रात मुलाची बोटे पानांच्या कडेवरून सरकताना जराशी अस्पष्ट आली आहेत, कारण ती फार भराभर चालतात. याच मुलाला वर्गात सातचा पाढा अडतो, असे बाईंनी सांगितले. पाच पुड्यांची पाने किती, असे ओसरीवर विचारले तर त्याने मान वर न करता साडेतीनशे म्हणून सांगितले होते. दुसऱ्या दिवसापासून बाईंनी गुणाकार पुड्यांवर शिकवायला घेतला. बाई त्याच्या घरी गैरहजेरीची विचारपूस करायला गेल्या होत्या, म्हणून हे छायाचित्र आहे. नुसता कॅमेरा घेऊन गेलेल्या माणसाने त्या ओसरीवर चेहरा शोधला असता. बाईंनी हात पाहिले, कारण तो प्रश्न त्यांच्या डोक्यात होता.

नागपूरच्या आणखी जवळ, वर्ध्यापाशी, मारलवाईच्याच सुमाराला शिक्षक घडवण्याचा आणखी एक मोठा प्रयोग चालू होता. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन यांच्या समितीने गांधीजींच्या नयी तालीम या शिक्षणपद्धतीचा आराखडा केला, आणि सेवाग्रामात हिंदुस्तानी तालीमी संघाचे काम ई. डब्ल्यू. आर्यनायकम आणि आशादेवी यांनी वाहिले. आर्यनायकम मूळचे सिलोनचे, आशादेवी बंगाली, दोघेही शांतिनिकेतनातून आलेले. पुढे इंग्लंडहून आलेल्या मार्जरी साइक्सही शिक्षकांच्या तयारीसाठी तिथे राहिल्या. म्हणजे थोड्याच वर्षांच्या अंतराने, नागपूरपासून दिवसभराच्या वाटेच्या आत, दुरून आलेली माणसे खेड्यातला शिक्षक कसा असावा याचा विचार स्वतः खेड्यात राहून करत होती. मारलवाई आणि सेवाग्राम यांचा एकत्र विचार मी तरी कुठे वाचलेला नाही. तो व्हायला हवा.

सेवाग्रामला कॅमेराही होता. गांधीजींचे चुलतनातू कनू गांधी आश्रमातच वाढलेले. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या शंभर रुपयांतून त्यांचा कॅमेरा आला. बापूंनी तीन अटी घातल्या : फ्लॅश वापरायचा नाही, कोणाला उभे राहा-बसा असे सांगायचे नाही, आणि आश्रमाच्या पैशातून खर्च मागायचा नाही. या अटींकडे लोक गांधीजींचा हट्ट म्हणून पाहतात. मला त्या रोजचे जगणे टिपणाऱ्यासाठी घालून दिलेल्या सर्वांत नेमक्या अटी वाटतात. फ्लॅश नाही म्हणजे आहे त्या उजेडाची वाट पाहणे आले, कुडाच्या खोलीत दाराशी बसणे आले. उभे राहा-बसा नाही म्हणजे समोरच्याचे काम थांबवता येत नाही. आणि पैसे नाहीत म्हणजे प्रत्येक चौकट काढण्याआधी विचार आला. त्या काळी रोलमध्ये मोजक्याच चौकटी, त्यात युद्धामुळे फिल्मची टंचाई. हात आपोआप आखडता राही. कनूंच्या छायाचित्रांतले गांधीजी वजनकाट्यावर उभे असतात, टेलिफोनवर बोलतात, कोणाच्या तरी खाटेशी बसलेले असतात. जगाच्या वर्तमानपत्रांनी त्यांचे उपोषण आणि यात्रा पाहिल्या. आश्रमाचा दिवस दाखवला तो आश्रमातल्याच मुलाने.

असे काम आणखीही एके ठिकाणी झाले. मध्य प्रांताची राजधानी नागपूर असताना मंडला जिल्ह्यात करंजियाला इंग्लंडहून आलेले व्हेरिअर एल्विन आणि श्यामराव हिवाळे यांनी 1932 साली गोंडांमध्ये काम मांडले, खेड्यांत शाळा काढल्या. एल्विन यांची पुस्तके आणि त्यांतली छायाचित्रे जगभर गेली. श्यामराव हा आपला मराठी माणूस. आजाऱ्याला औषध देणे, शाळेचे बघणे, भांडण मिटवणे हे बहुतेक त्यांच्याच अंगावर असे. शिवाय त्यांनी नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातल्या परधानांवर 1946 साली स्वतःचे पुस्तकही लिहिले. एल्विन यांच्या कॅमेऱ्याला दारे उघडली ती श्यामरावांनी जोडलेल्या माणुसकीने, असे मी ठामपणे म्हणेन. आणि त्याही आधी, 1845 साली नागपुरात आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप. शाळा चालवता चालवता त्यांनी गोंडांच्या लिंगोची कथा उतरवून घेतली. 1863 साली बोरीजवळ नदी ओलांडताना ते बुडाले आणि त्यांची टिपणे 1866 साली रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केली. त्या कागदांत गोंडांचे शब्द आहेत, देव आहेत. ज्याच्या तोंडून ती कथा आली त्याचा चेहरा मात्र आपल्याला कधीच दिसणार नाही. हिस्लॉप यांच्या नावाच्या कॉलेजवरून रोज जाणाऱ्या नागपूरकराने एवढे तरी लक्षात ठेवावे.

या सगळ्या माणसांविषयी मला आदर आहे, पण आदरापोटी एक गोष्ट गिळून टाकता येत नाही. ज्यांनी कॅमेरा धरला त्यांची नावे आपल्याला माहीत आहेत. ज्यांच्यावर तो धरला गेला त्यांतल्या बहुतेकांची नाहीत. त्या काळच्या ग्रंथांत छायाचित्राखाली 'गोंड स्त्री', 'नांगरणारा गोंड', 'कोलाम मुलगी' असे लिहिले की काम झाले असे मानत. हायमेनडॉर्फ तर पुढे निजाम सरकारचे आदिवासींविषयीचे सल्लागार झाले. त्यांच्या शब्दावर पट्टे मिळत होते, अधिकारी हलत होते. अशा माणसाने कॅमेरा रोखला तर 'नको' म्हणणारा गावकरी विरळाच. आणि ती छायाचित्रे लंडनला गेली. ज्यांच्या आजी-आजोबांचे चेहरे त्यांत आहेत, ते मारलवाईत आणि आसपासच्या गावांत राहतात.

तरीही गावाने हायमेनडॉर्फ यांना आपले मानले, हेही तितकेच खरे आहे. स्वातंत्र्यानंतर ते लंडनला प्राध्यापक झाले, नेपाळकडे वळले, आणि 1970च्या दशकात पुन्हा आदिलाबादेत आले. मिळवून दिलेले पट्टे पुष्कळ ठिकाणी पुन्हा बाहेरच्यांच्या हाती गेल्याचे त्यांना दिसले. आंध्र प्रदेश झाल्यावर शाळांत तेलुगू आली आणि गोंडीची ती देवनागरी पुस्तके मागे पडली होती. 20 एप्रिल 1981 रोजी इंद्रवेल्लीला जमिनीच्या हक्कासाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. पुढच्याच वर्षी हायमेनडॉर्फ यांचे 'ट्राइब्ज ऑफ इंडिया' निघाले; त्यात चाळीस वर्षांच्या अंतराने तीच गावे पाहणाऱ्या माणसाची तळमळ आहे. बेटी 1987 साली हैदराबादेत वारल्या. त्यांना मारलवाईत माती दिली. दरवर्षी जानेवारीत तिथे दोघांचे स्मरण करतात. याच मारलवाईचे गुसाडी नर्तक कनक राजू यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा निदान एक दिवस या गावाचे नाव वर्तमानपत्रांत आले.

आज चित्र पार बदलले आहे. प्रत्येक शिक्षकाच्या खिशात कॅमेरा आहे. आणि खेड्यातल्या शाळेत जेवढे फोटो निघतात तेवढे दुसरीकडे क्वचितच निघत असतील : शालेय पोषण आहाराचे, वृक्षारोपणाचे, परसबागेचे, हात धुण्याच्या दिवसाचे, पालक सभेचे. हे फोटो वरच्या कार्यालयात जातात, गटावर पडतात, मोजले जातात. त्यांत मुले एका ओळीत उभी असतात आणि मागे फलक असतो. शिक्षकांना यात दोष देण्याचे कारण नाही. मागितले जाते ते ते पाठवतात, आणि त्यात त्यांचा शिकवण्याचा वेळ जातो याचे दुःख त्यांनाच सर्वांत जास्त आहे. पण या हजारो फोटोंमध्ये रोजची शाळा नसते. शिक्षकांच्या शिबिरांत आम्ही जेव्हा पहिल्यांदा 'तुमच्या शाळेचा साधा दिवस दाखवा' असे म्हटले, तेव्हा जवळजवळ सगळ्यांनी 15 ऑगस्टचे फोटो दाखवले होते.

मग बोलणे सुरू झाले. साधा दिवस म्हणजे काय, हे ठरवायलाच बराच वेळ गेला. एका गुरुजींनी फळ्याचा फोटो आणला : डावीकडे पाणी, घर, बैल, उजवीकडे येर, रोन, कोंदा. पहिलीच्या मुलांना मराठी कळेना म्हणून त्यांनी त्यांच्याकडूनच गोंडी शब्द घेऊन लिहिले होते. तो फोटो कोणाला दाखवण्यासाठी काढलेला नव्हता. फळा पुसावा लागणार आणि शब्द आपल्या लक्षात राहायला हवेत, एवढ्यासाठी काढलेला होता. मारलवाईत 1943 साली जे करावे लागले ते हे गुरुजी एकटे, कोणी न सांगता करत होते. गडचिरोलीत मोहगावच्या ग्रामसभेने 2019 साली स्वतःहून गोंडी माध्यमाची शाळा काढली, तेव्हाही प्रश्न तोच होता. हा प्रश्न जुना झालेला नाही, आणि मुलाने घरच्या भाषेत शाळेत पाऊल टाकावे या मागणीच्या बाजूने मी पूर्णपणे उभा आहे.

त्या फळ्यापासून या संग्रहाला दिशा मिळाली. राजुरा, जिवती, कोरपना आणि किनवट भागातल्या जिल्हा परिषदेच्या आणि आश्रमशाळांच्या शिक्षकांनी ही छायाचित्रे आपापल्या मोबाइलवर काढली आहेत. यांतले बरेच शिक्षक बाहेरून बदली होऊन आलेले, गोंडी-कोलामी न येणारे. त्यांच्यासाठी हा मुलूख सुरुवातीला परकाच होता; चंद्रपूरच्या पुढे बस बदलली आणि भाषा तुटली, असे एका बाईंनी सांगितले. बापूंनी कनू गांधींना घातलेल्या पहिल्या दोन अटी आम्ही जशाच्या तशा घेतल्या. तिसरी घ्यायची गरज नव्हती, कारण पैसे कोणाकडेच नव्हते.

आणखी एक अट आम्ही घातली, ती नावांची. मोठ्या माणसाचे छायाचित्र छापण्याआधी ते त्याला कागदावर छापून नेऊन दाखवायचे, आणि खाली काय लिहायचे ते त्यालाच विचारायचे. यात वर्ष गेले, कारण लोक नुसते नाव सांगत नाहीत. कुळ सांगतात, देव किती ते सांगतात, बैल कोणाकडून घेतला ते सांगतात. नांगरणीच्या एका चित्राखाली शेतकऱ्याने बैलांची नावे घालायला लावली आणि स्वतःचे नंतर. काहींनी नकार दिला. ती छायाचित्रे यात नाहीत, त्यांतली दोन-तीन फार सुंदर होती तरी नाहीत. मुलांची नावे कुठेही दिलेली नाहीत आणि चेहरे ओळखू येतील अशी चित्रे पालकांच्या आणि ग्रामसभेच्या संमतीनेच घेतली आहेत. म्हणून वाचकाला या पुस्तकात चेहऱ्यांच्या मानाने हात, पाठी, ओसऱ्या, भांडी आणि वाटा जास्त दिसतील.

छायाचित्रे महिन्यांच्या क्रमाने लावली आहेत, जूनपासून नव्हे तर मोहापासून. शाळेचे वर्ष जूनला सुरू होत असले तरी या गावांचे काम मोह गळू लागला की नवे वळण घेते, आणि हजेरीही तिथूनच हलते. प्रत्येक विभागाच्या आरंभी त्या महिन्याच्या हजेरीविषयी त्या शिक्षकाचे टिपण आहे. ते आधी वाचावे आणि मग चित्रे पाहावीत. मजकूर मराठीत आहे, आणि लोकांनी जिथे गोंडी किंवा कोलामी शब्द सांगितला तिथे तोच ठेवून देवनागरीत लिहिला आहे. छापील प्रती आधी त्या त्या गावांच्या शाळांत जातील. उजवीकडचे पान प्रत्येक चित्रासमोर कोरे सोडले आहे ते मुद्दाम : चित्रातले आणखी कोणी ओळखू आले, जागा सांगता आली, चूक आढळली, तर गावकऱ्यांनी आणि मुलांनी तिथे पेनाने लिहावे. पुढच्या आवृत्तीत तो मजकूर घेऊ.